टेबलावरचा घाट

कर्जत आले की दोन गोष्टी हमखास होतात. खिडकीशी वडेवाला येतो आणि गाडीच्या शेपटाकडून एक धक्का येतो. पहिल्याकडे सगळ्यांचे लक्ष असते, दुसऱ्याकडे कोणाचेच नसते. तो धक्का असतो मागे लागणाऱ्या इंजिनांचा. भोर घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट. मागून कोणी रेटा दिल्याशिवाय तो बहुतेक गाड्यांना झेपत नाही.

अशाच एका परदेशी घाटाची गाठ मला पडली ती चक्क तळघरात. माझा थोरला भाऊ सॅन डिएगोला असतो. गेल्या मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागताच त्याच्याकडे गेलो. तिथल्या बाल्बोआ पार्कमध्ये, एका स्पॅनिश थाटाच्या इमारतीच्या खालच्या मजल्यावर, छोट्या आगगाड्यांचे म्युझियम आहे. दादाच्या शेजारचे एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ आम्हांला ते दाखवायला घेऊन गेले. दादाची मुले त्यांना ग्रँडपा म्हणतात. आपण आजोबा म्हणू.

म्युझियममध्ये टेहाचापीचा घाट उभा केला आहे. खरा घाट कॅलिफोर्नियातच, बेकर्सफील्डच्या पुढे. सदर्न पॅसिफिक कंपनीने १८७६ साली तो पुरा केला. आखणी विल्यम हूड या इंजिनियराची, घाम बहुतांशी चिनी मजुरांचा. डोंगर असा अंगावर येतो की रूळ सरळ वर नेताच येईनात. तेव्हा हूडने लोहमार्गाला एका टेकडीभोवती सबंध प्रदक्षिणाच घालायला लावली. बोगद्यातून जायचे, टेकडीला वळसा घालायचा आणि त्याच बोगद्याच्या डोक्यावरून पुढे निघायचे. वेढा ३,७७९ फुटांचा, आणि तेवढ्यात चढण ७७ फुटांची. मालगाडी पाऊण मैलाहून लांब असली, तर तिचे तोंड तिच्याच शेपटावरून जाते! चढ मात्र ५० फुटांना १ फूट, म्हणजे आपला भोर घाट अधिक खडा. हे मी आजोबांना लगेच सांगून टाकले. उगाच कमीपणा कशाला घ्या?

हे सारे तिथे ८७ पटींनी लहान करून मांडले आहे. काळ १९५० च्या आसपासचा. वाफेची इंजिने निरोपाच्या तयारीत होती, तेव्हाचा. ती खरी इंजिने आजोबांनी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिली आहेत. घाटात मदतीचे इंजिन पुष्कळदा डब्यांच्या मधोमध जोडत, असे ते सांगत होते. सगळा ओढा पुढूनच लावला तर कपलिंग तुटण्याची भीती. अगदी शेवटून रेटले तर गार्डाचा लाकडी डबा चिरडण्याची. म्हणून मधल्या इंजिनाने पुढच्यांना ढकलायचे आणि मागच्यांना ओढायचे. एकत्र कुटुंबातल्या मधल्या भावाची गत!

आता अडचण पाहा. बाजारातल्या छोट्या वाफेच्या इंजिनाला मागे चालते कपलिंग असते, पण पुढचे पुष्कळदा नुसते शोभेचे. कारण साधे आहे. खेळातली वळणे खऱ्याहून फार तीव्र. त्या वळणावर इंजिनाची पुढची लहान चाके बाजूला सरकतात आणि कपलिंगच्या पेटीला घासून रुळावरून उतरतात. कारखानदार म्हणतो, नकोच ती कटकट. पण मग ते इंजिन कोणाच्या मध्ये उभे राहायचे कसे?

आजोबांच्या गॅरेजमध्ये मोटार नाही. तीन भिंतींना लागून त्यांचा स्वतःचा घाट आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिथे गेलो. महिन्याभरात त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन व्हायचे होते आणि त्याआधी एका इंजिनाला पुढचे कपलिंग बसलेच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. मला काम मिळाले बॅटरी धरण्याचे.

अमेरिकन कपलिंग समजायला सोपे आहे. दोन्ही हातांची बोटे वाकवून एकमेकांत अडकवा, झाले. इलाय जॅनी याने १८७३ साली त्याचे पेटंट घेतले. त्याआधी दोन डब्यांच्या मध्ये उभे राहून कडीत खिळा घालावा लागे आणि त्यात कित्येक कामगारांची बोटे गेली. १८९३ च्या कायद्याने आपोआप जुळणारी कपलिंगे सक्तीची केली. आपल्याकडच्या नव्या लाल डब्यांनाही आता असाच पंजा असतो. छोट्या गाड्यांसाठी तो ओरेगनच्या कीथ आणि डेल एडवर्ड्स या जुळ्या भावांनी केला. दोघांच्या आद्याक्षरांवरून त्यांच्या मालाचे नाव केडी.

आजोबांनी शोभेचा आकडा काढला. कानशीने काऊकॅचरची खाच रुंद केली. पेटीची मागची बाजू कापून आखूड केली, चाकांना हालायला जागा मिळावी म्हणून. मग भोक पाडून त्यात आटे. पेटी प्लॅस्टिकचीच हवी, हे त्यांनी बजावून सांगितले: जुन्या पितळी इंजिनाच्या अंगात एका रुळाची वीज खेळते आणि कोळशाच्या गाड्यात दुसऱ्या रुळाची, त्यामुळे दोन इंजिने धातूने धातूला जोडली की ठिणगी! पंजाचा मध्य रुळाच्या माथ्यापासून २५/६४ इंच उंच हवा. तो थोडा खाली आला, तेव्हा केसाएवढी पातळ चकती घातली. पंजाखालची वाकडी तार सांध्यात अडकू नये म्हणून जरा वर वळवली.

आणि मग स्प्रिंग उडाली. मोहरीपेक्षा लहान वस्तू ती! आजोबांचा हात कापत होता, पण चिमटा ते मला देईनात. आम्ही दोघे गुडघ्यांवर बसून पाऊण तास फरशी चाचपत होतो. शेवटी ती सापडली त्यांच्याच स्वेटरच्या लोकरीत. दुसऱ्या खेपेस त्यांनी श्वास रोखला, मीही रोखला, आणि ती बसली.

अकरा डबे पुढे, नऊ मागे, मध्ये ते इंजिन. वळणावर मी काऊकॅचरच्या खाली वाकून पाहत होतो. चाके पेटीला निसटती चाटून गेली, पण उतरली नाहीत. पुढच्या डब्यांची कपलिंगे एकामागून एक दबत गेली, मागची ताणत आली. आजोबा गाडीकडे पाहतच नव्हते. डोळे मिटून ते तो कट्-कट् आवाज ऐकत होते.

गाडी माथ्यावर पोचल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि फडताळातून दुसरे इंजिन काढले.

“यालाही बसवायचे आहे,” ते म्हणाले. “उद्या येता?”