'तातडीचं नाही' म्हणजे काय?

२०२० साली दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, आठवतंय ना? २३ मार्चला होता. करोना आला आणि मुलांना इतर विषयांच्या सरासरीने गुण मिळाले. त्यात कुणाचं फार बिघडलं नाही. पण काही परीक्षांना सरासरी चालत नाही.

आमच्या बिबवेवाडीतल्या सोसायटीत एक मुलगी आहे. तिला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे आईवडील दोघांकडून आलेला रक्ताचा आजार. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराला नाही. ते यकृतात, हृदयात साठत राहतं. म्हणून लोह काढायच्या गोळ्या रोज घ्यायच्या. पण कुठली गोळी, किती, हे ठरवायचं कशावरून? रक्तातल्या फेरिटिनवरून अंदाज येतो, पण साधा संसर्ग झाला तरी ते वाढतं. शिवाय यकृतात किती आहे त्यावरून हृदयात किती हे सांगता येत नाही. त्यासाठी एमआरआयची 'टी-टू-स्टार' ही खास तपासणी असते. हृदयाचा आकडा २० मिलिसेकंदांच्या खाली आला की लोह साठू लागलं असं समजायचं. १० च्या खाली गेला की मोठा धोका.

तिची वर्षाची तपासणी एप्रिल २०२० मध्ये होती. तेव्हा रक्ताची टंचाई सगळ्यांना दिसली. शिबिरं बंद, कॉलेजं बंद, तरी सोसायटीतली चार मुलं पास काढून रक्त देऊन आली. एमआरआयला मात्र उत्तर मिळालं, "तातडीचं नाही, नंतर या." त्यांचीही अडचण होतीच. बंद खोली, दर पेशंटनंतर सगळं निर्जंतुक करायचं, माणसं कमी. त्यात ही तपासणी होते मोजक्याच ठिकाणी. पुढे घरच्यांनाच दवाखान्याची धास्ती वाटू लागली. गणपती गेले, दिवाळी गेली. नंबर लागला तो फेब्रुवारी २०२१ मध्ये. आधी २६ असलेला आकडा १६ वर आला होता!

"बाई, तिला काही म्हणजे काही होत नव्हतं हो," तिची आई मला सांगत होती. खरंच होतं ते. पोरगी जिने चढत होती, ऑनलाइन वर्गात बसत होती. हृदयातलं लोह बरेच दिवस काहीच बोलत नाही, आणि बोलतं तेव्हा फार उशीर झालेला असू शकतो. तिचं थोडक्यात निभावलं. डॉक्टरांनी दोन औषधं एकत्र सुरू केली, आकडा हळूहळू वर आला. आता ती कॉलेजात जाते.

जन्मभर मराठी शिकवलं, म्हणून शब्दांशी अडते. 'तातडीचं नाही' याचा अर्थ आपण सगळ्यांनीच तेव्हा 'महत्त्वाचं नाही' असा घेतला. रक्त कमी पडलं की माणूस पांढरा पडतो, ते दिसतं आणि चार जण धावून येतात. मोजायचं राहून गेलं तर दिसत काहीच नाही.

मंडळी, तुमच्या घरात 'नंतर बघू' म्हणून राहिलेली अशी एखादी तपासणी असेल तर आजच तारीख घेऊन टाका. मीही मधुमेहासाठी डोळे दाखवायची तारीख घेतली आहे, पुढच्या मंगळवारची.