पुडीला सर्टिफिकेट नव्हतं

धाटावच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये मी नोकरी करतो. आलेल्या मालाचे कागद तपासायचे, सॅम्पल लावायचं, मग पास किंवा रिजेक्ट. ड्रमवरचा बॅच नंबर पुसट असला तरी मी गाडी गेटवर उभी ठेवतो. ड्रायव्हर शिव्या घालतात, चालायचंच.

चिकुनगुन्याचा ताप आठवड्यात उतरला, सांधे मात्र धरलेलेच राहिले. सकाळी मूठ वळायची नाही. ब्युरेटची कळ फिरवायला लॅबमधल्या पोराला हाक मारावी लागे. "काका, राहू द्या, मी करतो" हे त्याचं वाक्य सांध्यांपेक्षा जास्त ठणकायचं. महिने गेले तेव्हा पनवेलला संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेलो. बाईंनी मेथोट्रेक्सेट सुचवलं आणि स्वच्छ सांगितलं, "आमवातासाठी याला मंजुरी आहे, चिकुनगुन्यानंतरच्या दुखण्यासाठी नाही. अभ्यास थोडे आहेत. तरी तुमची सूज बघता मला ते द्यावंसं वाटतं."

परतीच्या दिवा-रोहा गाडीत मोबाइलवर नाव शोधलं. कॅन्सरचं औषध! घरी येऊन जाहीर केलं, बाई माझ्यावर प्रयोग करतायत. गोळ्या घेतल्याच नाहीत. ओळखीच्या एकाने जडीबुटीवाला सुचवला, त्याच्या पुड्या सुरू केल्या. पंधरवड्यात सूज ओसरली. मी लोकांना पत्ता देत सुटलो.

मग चेहरा सुजला. कंपनीच्या वार्षिक तपासणीत साखर वाढलेली निघाली. बायकोने पुन्हा पनवेलला नेलं. तिथे टेबलावर मी ती कागदाची पुडी उलगडली. करड्या रंगाची भुकटी, थोडी टेबलावर सांडली.

"यात काय आहे?"
"माहीत नाही."
"किती मिलिग्रॅम? कधी बनवलंय? कोणी?"

हे प्रश्न मी रोज गेटवर विचारतो. बाईंचा आवाज चढलेला नव्हता, पण माझी मान वर होईना. बिनलेबलचा एक कॅन मी कंपनीत शिरू दिला नसता आणि बिनलेबलची पावडर महिनोन् महिने पोटात ढकलत होतो. जिने पुरावा तोकडा आहे हे तोंडावर सांगितलं तिच्यावर संशय घेतला, ज्याने काहीच सांगितलं नाही त्याच्यावर भरवसा टाकला. शिकलेला माणूस म्हणवून घेतो मी!

पुडीत स्टेरॉइड असावं, असं बाईंना वाटलं. तेही एकदम बंद करायचं नसतं. त्यांनी मोजून दिलेलं स्टेरॉइड हळूहळू कमी केलं आणि सोबत मेथोट्रेक्सेट सुरू झालं.

त्यानंतर मी नीट वाचलं. आंध्रात जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत होते. त्यांच्या चमूच्या अमिनोप्टेरिनने 1948 साली लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग काही काळ आटोक्यात आणून दाखवला. मेथोट्रेक्सेट हे त्याचंच भावंड. 1951 मध्ये अमिनोप्टेरिन संधिवातावर वापरून पाहिलं गेलं, पण अमेरिकेत मेथोट्रेक्सेटला आमवातासाठी मंजुरी मिळाली 1988 साली. तोवरचा संधिवातातला सगळा वापर लेबलबाहेरचाच. कर्करोगात त्याचे डोस ग्रॅमपर्यंत जातात, सांध्यांसाठी आठवड्याला साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. डोसचा हा फरक केमिस्टला दुसऱ्याने समजवावा लागला!

लेबलबाहेरचं सगळंच लागू पडतं, असंही नाही. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी चिकुनगुन्याच्या सुरुवातीच्या सांधेदुखीत क्लोरोक्विन तपासलं, ते साध्या मेलोक्सिकॅमहून सरस निघालं नाही.

माझ्या चिठ्ठीवर "फक्त गुरुवारी" असं लाल शाईत लिहिलंय, कारण ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. फॉलिक ॲसिड वेगळ्या दिवशी. ठरलेल्या मुदतीने रक्त आणि लिव्हरची तपासणी, दारू बंद. फरक जाणवायला दीड-दोन महिने लागले. तो गोळीचा की नुसत्या काळाचा, हे बाईही छातीठोक सांगत नाहीत. रिपोर्ट हातात येईपर्यंत पोटात गोळा असतोच.

परवा शेजारच्यांनी माझ्या पाकिटातल्या दोन गोळ्या मागितल्या, त्यांचेही गुडघे धरलेत. दिल्या नाहीत, बाईंचा नंबर दिला. ते रागावले. सध्या पुड्या घेतायत. पत्ता मीच दिला होता.