दणका नको, घुमारा हवा!

आमच्या हॉलमध्ये, दहा फुटी भिंतीच्या साधारण मध्यावर, एक काळं खोकं आहे. साडेअडतीस सेंटिमीटर लांब, तेवढंच रुंद, तेवढंच उंच. येणारे-जाणारे त्यावर बिनधास्त चहाचा कप ठेवतात आणि विचारतात, ‘‘अरे वा, साइड टेबल कुठून घेतलं?’’ मी म्हणतो, ‘‘घरी केलं.’’ खोटं नाही. फक्त ते टेबल नाहीये. तो सबवूफर आहे. आणि तो माझा दुसरा प्रयत्न आहे. पहिला प्रयत्न सोसायटीच्या भंगारवाल्याकडे गेला. त्याचीही गोष्ट आहेच.

सुरुवात बाबांपासून झाली. बाबा बँकेतून रिटायर झालेले, पण आमच्या गोतावळ्यात त्यांची खरी ओळख तबल्याची. गणपतीतला कार्यक्रम असो की कुणाच्या घरचं भजन, साथीला हे ठरलेले. २०२१ च्या फेब्रुवारीत ते बाथरूममध्ये घसरले आणि डावं मनगट मोडलं. प्लेट बसली, हाड जुळलं, चहाचा कप धरता येऊ लागला. पण डग्ग्यावर तळहात दाबून जो घिस्सा काढायचा असतो, तो काही परत आला नाही. एके दिवशी त्यांनी तबला-डग्गा गवसणीत घातला आणि मला म्हणाले, ‘‘माळ्यावर टाक.’’ बस्स. जास्त काही बोलले नाहीत.

मी आपला आयटीवाला. प्रॉब्लेम दिसला की सोल्यूशन! त्यांना लॅपटॉपवर जुन्या मैफली लावून दिल्या. मग एक छोटा ब्लूटूथ स्पीकर आणला. बाबांनी पाच मिनिटं ऐकलं आणि विचारलं, ‘‘अरे, याचा डावा हात कुठाय?’’

मला वाटलं गंमत करतायत. गंमत नव्हती. तबल्यावरचा ‘धा’ दोन हातांचा असतो. उजव्या हाताचा ‘ता’ आणि डाव्या हाताचा, डग्ग्यावरचा ‘गे’. त्यातला डग्गा काढून टाका, ‘धा’चा ‘ता’ होतो आणि ‘धिन’चा ‘तिन’. आता तीनताल आठवा. सोळा मात्रा. नवव्या मात्रेला खाली. त्यानंतर दहाव्यापासून तेराव्यापर्यंत ‘तिन तिन ता ता’ म्हणजे डग्गा गप्प, आणि चौदाव्या मात्रेला ‘धिन’ म्हणत तो परत येतो. ऐकणाऱ्याला आवर्तनात आपण कुठे आहोत हे त्या गप्प बसण्यावरून कळतं. माझ्या स्पीकरमध्ये डग्गा जवळजवळ नव्हताच. म्हणजे अख्खा ताल ‘तिन तिन ता ता’. ‘‘सगळं आवर्तनच खाली,’’ असं म्हणून बाबा पेपर वाचायला लागले.

छोट्या स्पीकरची यात चूक नाही. आवाज म्हणजे हवा ढकलणं. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढे-मागे हलावं लागतं. दोन सप्तकं खाली, तर सोळापट. दोन इंची पडद्याने तेवढी हवा आणायची कुठून? मोठा पडदा हवा. आणि त्याला खोकं हवं. कारण पडदा पुढे हवा दाबतो तेव्हा मागे पोकळी करतो. दोन्ही लाटा एकमेकींना भेटल्या की बास गायब. मागची लाट कोंडायची, एवढंच खोक्याचं काम. वाटतं सोपं, नाही?

मलाही वाटलं होतं. त्या दिवाळीत बोनस हातात आल्या आल्या मी बुधवार पेठेत तपकीर गल्ली गाठली. दुकानदाराने गाडीत बसवायचा बारा इंची वूफर काढून दिला. ‘‘साहेब, गल्ली हलेल!’’ वॉटचा आकडा असा की वाचूनच छाती दडपावी. घरी किचनच्या कामातून उरलेलं १२ मिलिमीटर प्लाय होतं. त्याचं आतून ३० सेंटिमीटरचं चौकोनी खोकं ठोकलं. भोक पाडून त्यात तीन इंची पीव्हीसी पाइपचा १० सेंटिमीटरचा तुकडा बसवला. का? तर अशा खोक्यांना पाइप असतो, असं बघितलं होतं म्हणून!

लावलं आणि खरंच गल्ली हलली. म्हणजे खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. ‘‘अरे, ड्रिलिंग चाललंय का? माझ्या शोकेसच्या काचा वाजतायत.’’

मी मोबाइलवरचं डेसिबल मोजायचं ॲप त्यांना दाखवलं. ५२! ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे. म्हणजे मी कायद्यात होतो. काकू काहीच न बोलता गेल्या. पुणेकर काहीच न बोलता जातो तेव्हा समजावं की आपलं चुकलंय. पुढे कळलं की हे मोजमाप ‘ए-वेटेड’ असतं, म्हणजे माणसाचा कान जिथे मंद असतो तिथे मीटरही मंद होतो. ५० हर्ट्झच्या आवाजातून तो तब्बल ३० डेसिबल वजा करतो. मीटर बिचारा खरं सांगत होता, पण काकूंच्या काचा काही ए-वेटेड नव्हत्या.

बाबांचा निकाल आणखी कडक. डोळे मिटून दोन आवर्तनं ऐकली आणि म्हणाले, ‘‘आधी सगळी खाली होती. आता खाली उरलीच नाही.’’

बरोबर होतं. नवव्या मात्रेचा ‘धा’ वाजला की त्याचं ‘घूंऽऽ’ दहाव्या, अकराव्या मात्रेवर सांडत होतं. मला लागलं ते. सहा हजार रुपये आणि दोन रविवार गेले होते. मी खोकं बाल्कनीत नेऊन ठेवलं आणि पंधरा दिवस त्याच्याकडे बघितलंही नाही.

मग एका रात्री, ऑफिसचा कॉल लांबला होता म्हणून, म्यूट करून गणित करत बसलो. खोकं आणि पाइप म्हणजे फुंकर मारल्यावर घुमणारी बाटली. तिचा एक ठरलेला सूर असतो. माझ्या बाटलीचा निघाला ५६ हर्ट्झ. आता आमचा हॉल दहा बाय सोळा फुटांचा. एकमेकींपासून दहा फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये जी लाट नेमकी अडकून बसते, तिचा सूर किती? ५६ हर्ट्झ! खोकं आणि खोली दोघं एकाच सुरात घुमत होती. आणि पातळ प्लायच्या भिंतीही त्यांना साथ देत होत्या. तबलजीने काहीही वाजवो, आमच्याकडे एकच बोल ऐकू येत होता.

त्यानंतर मी नीट अभ्यास केला. ॲम्प्लिफायरचा नाही, खोक्याचा. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील या इंजिनिअरने १९६१ मध्ये आणि मग १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी हे सगळं काही आकड्यांवर आणून ठेवलंय. वूफर स्वतःहून कोणत्या सुरात हलतो, किती लवकर थांबतो, त्याची लवचीकता किती लिटर हवेइतकी आहे. हे आकडे असले की खोक्याचा आकार कागदावरच कळतो. विनआयएसडीसारखं फुकट सॉफ्टवेअर तर आलेखच काढून देतं. आणि या धंद्याचा एक पोलादी नियम आहे, अगदी पुणेरी पाटीसारखा. लहान खोकं, खोल बास आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज. तिन्हीपैकी कोणतेही दोनच मिळतील. विनाकारण वाद घालू नये.

घर टू बीएचके, तेव्हा खोकं लहानच हवं. बास खोल हवा. म्हणजे मोठा आवाज सोडायचा. एवढं ठरलं आणि डोकं एकदम शांत झालं. आम्हाला गल्ली हलवायची नव्हतीच. डावा हात हवा होता!

पाइपसुद्धा रद्द केला. बंद खोक्याचा फंडा अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये बाजारात आणला. आत कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखी पडद्याला जागेवर आणते. हे मी जेवताना बाबांना सांगत होतो. ते ताटावरून उठले, हात धुतले आणि म्हणाले, ‘‘माळ्यावरून डग्गा काढ.’’

गवसणी सोडली. दहा महिन्यांनी. बाबांनी डग्गा मांडीशी घेतला, उजव्या हाताने एक टोला दिला. ‘‘हे काय वेगळं आहे? भांडं बंद, वर चामडं, आत हवा. भांडं पातळ असलं की आवाज फुटतो. आणि हे बघ.’’ त्यांनी तळवा चामड्यावर टेकवला. घुमारा तिथल्या तिथे थांबला. ‘‘वाजवायला कुणीही शिकतो. थांबवायला वर्षं जातात.’’

माझ्या नव्या वूफरच्या कागदावर नेमका हाच आकडा होता. वूफर आणि बंद खोकं मिळून एक ‘क्यू’ निघतो. तो ०.७ च्या आसपास असला की पडदा शहाण्यासारखा थांबतो, १ च्या वर गेला की घूं-घूं सुरू. या वेळी मी वॉट न विचारता कागद असलेला दहा इंची वूफर घेतला. त्याचा स्वतःचा सूर २८ हर्ट्झ, क्यू ०.४५, लवचीकता ६० लिटर हवेएवढी. ०.७ साठी खोकं हवं ४१ लिटर. आतून ३५ सेंटिमीटरचा चौकोन म्हणजे जवळजवळ ४३ लिटर. त्यातून वूफरचा मागचा भाग आणि आतली आडवी पट्टी यांचे दोन लिटर वजा. उत्तर बरोब्बर.

१८ मिलिमीटर एमडीएफ भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलं आणि मिस्त्रींच्या मशिनवर कापून घेतलं. घरच्या करवतीने काटकोन येत नाही, हे पहिल्या खोक्याने शिकवलं होतं. सांध्यांना फेव्हिकॉल, आधी बारीक भोक पाडून मग स्क्रू, आतून सगळ्या कडांना सिलिकॉन. एमडीएफच्या कापलेल्या कडा पाणी पितात, म्हणून पावसाळ्याच्या भीतीने आधी त्या सील केल्या, मग काळा रंग. आत भरायला पॉलिस्टर फायबर हवं होतं. ते कुठून आलं, हे बायकोला आपली उशी सापडेना तेव्हा कळलं.

हवा कुठून गळतेय का, हे बघायचं काम बाबांचं. त्यांनी देवघरातली उदबत्ती आणली. मी गाणं लावलं आणि ते प्रत्येक सांध्याजवळून धूर फिरवत गेले. एका कोपऱ्यात धूर थरथरला. ‘‘इथे!’’ असं ओरडताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. आणखी एक सूचना त्यांचीच. ‘‘डग्ग्याला चुंबळ असते, याला का नाही? घुमारा जमिनीला द्यायचा नसतो.’’ म्हणून खाली रबराचे जाड पाय आले. काकूंच्या काचांना थोडा दिलासा.

शेवटचा प्रश्न, ठेवायचं कुठे? यावर एक नामी युक्ती आहे. सबवूफर ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायचा आणि आपण खोलीभर रांगायचं. जिथे बास सगळ्यात सारखा ऐकू येईल, तिथे खोक्याची कायमची जागा. तर बाबांच्या खुर्चीत अठरा किलोचं खोकं विराजमान, आणि मी, सीनिअर मॅनेजर, कान जमिनीला लावून चार पायांवर. बाबांनी दारातून विचारलं, ‘‘काय हरवलंय?’’ म्हटलं, ‘‘डावा हात!’’ कोपऱ्यात नुसता गडगडाट होता. दहा फुटी भिंतीच्या मध्यावर आलो आणि ती ५६ हर्ट्झची घूं जवळजवळ विरून गेली. तिथे ती लाट उठतच नाही.

अकरा हजार रुपये आणि पाच रविवार. २०२२ च्या जानेवारीत, एका संध्याकाळी बाबा खुर्चीत बसले. विलंबित तीनताल लावला, आवाज बेताचा. बाबांनी मांडीवर टाळी धरली. एक, पाच... नवव्या मात्रेला हात हवेत उलटा फिरला. दहा, अकरा, बारा, तेरा. खोकं गप्प. चौदाव्या मात्रेला डग्गा आला आणि बाबांची मान हलली.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘याला थांबता येतं.’’

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम खाली जाऊन काकूंना विचारलं, त्रास झाला का. ‘‘लावलं होतंस का?’’ काकूंनी विचारलं. त्यांच्याकडून एवढं सर्टिफिकेट म्हणजे खूप झालं.

डग्गा परत माळ्यावर गेला नाही, तबलाही खाली आला. बाबा आता संध्याकाळी मैफल लावतात आणि उजव्या हाताने तबल्यावर ठेका धरतात. डाव्या हाताचं खोकं बघून घेतं. तेव्हा आमच्याकडे आलात तर खोक्यावर चहाचा कप खुशाल ठेवा. तीनताल सुरू झाला की चहावर बारीक तरंग उठतात. दहाव्या मात्रेला ते थांबतात. तोवर फक्त कुणी बोलू नका. बाबा मोजत असतात.