वाकड्या मानेची फुलं

माहेरी गुलाब म्हणजे औषध. आजीने तुळशीशेजारी डालड्याच्या जुन्या डब्यात गावठी गुलाब लावला होता. फूल फिकट गुलाबी, सकाळी उमललं की दुपारी पाकळ्या खाली. आजी त्या वेचून खडीसाखरेत घालायची आणि बरणी उन्हात ठेवायची. उन्हाळ्यात माझा घोळणा फुटला की चमचाभर गुलकंद. फूल कुणी कुणाला द्यायचं असतं, हे मला कळलं कॉलेजात गेल्यावर.

ते 1998-99 साल असेल. चौदा फेब्रुवारी जवळ आला की कार्डांच्या दुकानांची शटरं अर्धी खाली यायची, कारण व्हॅलेंटाइन डेच्या विरोधातले कार्यकर्ते येऊन कार्डांची होळी करायचे. तशात एका मुलाने माझ्या सायकलच्या बास्केटमध्ये गुलाब ठेवला. कुणी ते मला अजून नक्की माहीत नाही, अंदाज आहे. मी तो प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये दाबून ठेवला. आठवड्याने आईच्या हाती लागला. आई काही बोलली नाही. उठली आणि पाण्याच्या बंबात घालून आली. त्या दिवशी अंघोळीचं पाणी मात्र सगळ्यांना सारखंच गरम मिळालं.

पुढे लग्न होऊन पवन मावळात आले. सासरी इंद्रायणी भाताची खाचरं होती. नवऱ्याने तळेगावला प्रशिक्षण घेतलं, बँकेचं कर्ज काढलं आणि 20 गुंठ्यांचं पॉलिहाऊस उभं केलं. तेव्हापासून आमच्या घरात गुलाबाला कुणी फूल म्हणत नाही. माल म्हणतात.

या मालाचं चौदा फेब्रुवारीचं पंचांग डिसेंबरात सुरू होतं. पहिल्या पंधरवड्यात कटिंग घ्यायचं, म्हणजे पन्नासेक दिवसांत, जानेवारीअखेरीस, कळी तोडणीला येते. थंडी जास्त पडली की कळी रेंगाळते, उकाडा झाला की आधीच येते, आभाळ आलं की दावणी रोगाची धास्ती. परदेशी जाणारा माल फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गेलाच पाहिजे. नंतर दिल्ली, हैदराबाद. वर्षभर तीन-चार रुपयांना जाणारी दांडी त्या आठवड्यात चौपट भावाने जाते. कर्जाचा हप्ता त्या आठवड्यावर असतो, हे घरातल्या मांजरालाही माहीत आहे.

या सगळ्यात मला आवडतं ते टोप्या घालण्याचं काम. कळी हरभऱ्यापेक्षा जरा मोठी झाली की तिच्यावर पांढऱ्या जाळीची टोपी चढवतात. बोटभर लांब, लवचीक, मोज्यासारखी. टोपीत कळी लवकर उमलत नाही, आतल्या आत भरत जाते, जाड होते. हजारो कळ्या, प्रत्येकीला एक टोपी. गावातल्या बायका दोन बोटांनी टोपी फाकवतात आणि कळीला धक्का न लावता खाली सोडतात. आषाढात चिखलात भाताची रोपं लावणारी हीच बोटं. मान मोडली की कळी गेली.

2018 च्या फेब्रुवारीत लेक बालवाडीत होती. शाळेत ‘रेड डे’ होता. लाल कपडे, लाल वस्तू. तिने बादलीतल्या एका बंचमधून गुलाब उपसला. आमचा बंच 20 दांड्यांचा. खोकी भरताना एक कमी निघाला, तोवर गाडी दारात. मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडत म्हणाली, “सगळ्यांच्या घरी आपलं फूल जातं. आपल्याच घरी येत नाही.”

त्या आठवड्यात मी तीन-तीन तास झोपत होते, हे काही धपाट्याला कारण नव्हे. चौदाला संध्याकाळी ग्रेडिंगच्या टेबलाखालचा ढीग मी ओट्यावर आणला. रिजेक्शनचा ढीग. वाकड्या मानेची, आखूड दांडीची, थंडीने कडेच्या पाकळ्या काळवंडलेली फुलं. मोजायची नाहीत, बांधायची नाहीत. लेकीने दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले.

आमचा व्हॅलेंटाइन तिथून सुरू झाला. नियम तिने केले. ज्याने त्याने हवं त्याला फूल द्यायचं, पण कशाबद्दल ते सांगून. नुसतं ‘आवडतोस’ चालत नाही. पहिलं फूल सासूबाईंना मिळालं, कारण त्या तिच्या ताटातले टोमॅटो गुपचूप खातात. “मला म्हातारीला कशाला गं,” म्हणत त्यांनी ते अंबाड्यात खोचलं आणि रात्री झोपतानाही काढलं नाही. मी ह्यांना दिलं, कबूल करते, जरा लाजतच. ह्यांनी ते दिव्याखाली फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “याला थ्रिप्स आहे.”

आजीसारखा गुलकंद करू म्हणून लेकीने एकदा हट्ट धरला. या पाकळ्यांचा नाही करता येत. आठवड्याला फवारण्या होतात. कागदावर चिकटवायच्या, खायच्या नाहीत. म्हणून माहेरच्या झाडाची फांदी आणून दारात लावली आहे. ती अजून रुसलेली आहे.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. लग्नं बंद, देवळं बंद, गाड्या बंद. झाड मात्र थांबत नाही. फुलं काढली नाहीत तर झाडच खराब होतं. रोज तोडून बांधावर टाकत होतो. एकाही फुलाची वाकडी मान नव्हती. लेकीने त्यातल्या एकालाही हात लावला नाही.

2023 साली तर गंमतच झाली. प्राणी कल्याण मंडळाने चौदा फेब्रुवारीला गाईला मिठी मारा असं आवाहन केलं आणि चार दिवसांत मागेही घेतलं. धाकट्या मुलाला अर्धीच बातमी पोचली होती, तो गोठ्यात गेला. सासूबाई धार काढत होत्या. म्हणाल्या, “आमच्या कपिलेला रोजच मारतो आम्ही. तू आधी शेण ओढ.” फूल मात्र कपिलेलाही मिळालं.

यंदा शेवटची गाडी तेराच्या रात्री गेली. चौदाला दुपारी हे ओसरीवर आडवे झाले ते हात-पाय पसरून. संध्याकाळी पिठलं-भाकरी केली, फुलं ओट्यावर मांडली, आणि धाकट्याला म्हटलं, पप्पांना उठव, त्यांचं फूल द्यायचंय. तो गेला आणि बराच वेळ आलाच नाही. पाहायला गेले तर पायांशी उकिडवा बसलेला, शेजारी जुन्या टोप्यांची पिशवी. दोन बोटांनी टोपी फाकवून, श्वास रोखून, तो ती करंगळीवर सोडत होता. बाकीच्या नऊ बोटांना घालून झाल्या होत्या.

“हे काय रे?”

त्याने ओठांवर बोट ठेवलं. “आज उमलायला नकोत ते,” म्हणाला.