नफा, नीति आणि कायदा

व्यापार म्हटला कीं नफा आलाच, व त्यांत वावगें असें कांहीं नाहीं. दुकानदाराचें घर चालतें तें नफ्यावर. कारखान्यांत नवें यंत्र येतें, नव्या माणसाला काम मिळतें, तेंही नफ्यामुळेंच. परंतु 'कायद्यानें ज्याची मनाई केलेली नाहीं, तें करण्यास हरकत काय?' असें एक सोयीचें तत्त्व अलीकडे आमच्या मुलांच्या तोंडीं वारंवार ऐकूं येतें. या तत्त्वाचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं मिळून करावा, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास या बाबतींत फार बोलका आहे. तेथें कापडगिरणीच्या धंद्याचा पाया १८५४ सालीं घातला गेला. त्यानंतर पुष्कळ वर्षें मजुरांनीं किती तास राबावें, याला कायद्याचें कसलेंच बंधन नव्हतें. १८८१ सालीं कारखान्यांविषयीं पहिला कायदा झाला. त्यानें ७ वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्याची मनाई केली आणि ७ ते १२ वर्षांच्या मुलांस दिवसाला ९ तासांची मर्यादा घातली. वाचकहो, याचा अर्थ नीट ध्यानांत घ्या. आज दुसरी-तिसरींत बसणाऱ्या वयाच्या मुलानें दिवसाचे नऊ तास गिरणींत राबणें, हें त्या काळीं पूर्णपणें कायदेशीर होतें. कायदेशीर होतें म्हणून तें योग्य होतें, असें म्हणण्यास आपल्यापैकीं कोण धजेल?

प्रौढ मजुरांना तर या कायद्यानें कामाच्या तासांची मर्यादाही दिली नव्हती कीं सुटीही दिली नव्हती. त्यांच्या बाजूनें उभे राहिले ते नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळींतील या कार्यकर्त्यानें १८८४ सालीं मजुरांच्या सभा भरवून, आठवड्यास एक दिवस सुटी मिळावी अशी मागणी मांडली. अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें ती मान्य केली, व १८९१ च्या कायद्यानें साप्ताहिक सुटीवर शिक्कामोर्तब केलें.

येथें सहजच प्रश्न उद्भवतो कीं, एवढ्या मालकांत कनवाळू असा एकही नव्हता काय? असतीलही. परंतु एकट्यानेंच गिरणी बंद ठेवावी, तर शेजारची चालू राहून तिचा माल स्वस्त विकला जाणार. म्हणजे चांगल्या मालकाचा चांगुलपणाच त्याला तोट्यांत घालणार. कायदा सर्वांना एकाच मापानें मोजतो, म्हणून सज्जनाला सज्जन राहणें परवडतें. उद्योगधंद्यांत सरकारचें मुख्य काम मला हेंच वाटतें. सरकारचे हेतु नेहमींच निर्मळ असतात असें मात्र कोणीं समजूं नये. त्या पहिल्या कायद्यांमागें लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचाही रेटा होता, व मुंबईचा माल महाग व्हावा हा त्यांचा स्वार्थ होता. म्हणून सरकारवरही प्रजेची नजर हवी.

पण कायदा कितीही चांगला असला तरी तो उशिरानें येतो. साकचीच्या, म्हणजे पुढील जमशेदपूरच्या, टाटांच्या पोलादाच्या कारखान्यांत आठ तासांचा दिवस १९१२ सालीं व भविष्यनिर्वाह निधि १९२० सालीं सुरू झाला. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा देशाच्या कायद्यांत येण्यास त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि निधीचा कायदा १९५२ सालीं झाला. वाट पाहणाऱ्यांना कायदा सक्ति करतो. विवेकी माणूस त्याच्या आधींच चालूं लागलेला असतो.

शिवाय कायद्याला कोठें तरी रेघ ओढावी लागते. माझे एक मामा पत्र्याच्या प्रेसवर कामास होते. १९४८ च्या कायद्याप्रमाणें, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या ठिकाणीं दहा कामगार असले म्हणजे तो कारखाना ठरे. मामांच्या मालकानें मुद्दाम नऊच माणसें ठेविलीं. दहावें नांव हजेरीपटावर कधींच चढलें नाहीं. प्रेसला आडकाठी बसविण्याचा खर्च वांचला, आणि मामांच्या उजव्या हाताचीं दोन बोटें गेलीं. त्याच मालकानें पुढें गांवाला पाणपोई बांधून दिली व तिच्यावर आपल्या नांवाची शिळा बसविली. मामा त्या पाणपोईचें पाणी पीत, तेव्हां भांडें डाव्या हातानें धरीत. मालकानें कायदा मोडला असें कोणालाही म्हणतां आलें नाहीं.

२०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांवर, मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकीं किमान २ टक्के रक्कम समाजकार्यासाठीं खर्च करण्याचें बंधन घातलें. ही गोष्ट स्तुत्यच आहे. तिनें शाळा, दवाखाने, पाणी यांस साहाय्य होतें. परंतु सगळा नफा कोणत्या मार्गानें मिळविला, हा हिशेब त्या दोन टक्क्यांनीं फिटत नाहीं. मजुराची बोटें शाबूत ठेवणें हें दान नव्हे. तें धंद्याचें पहिलें देणें आहे, व तें नफा मोजण्यापूर्वींच चुकतें केलें पाहिजे.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यांतील कोणी उद्यां दुकान काढील, कोणी कारखाना चालवील, कोणी सरकारी अधिकारी होऊन कायदे राबवील. 'हें कायद्यांत बसतें काय?' हा प्रश्न अवश्य विचारा. पण त्याच्या मागोमाग 'याची किंमत कोण मोजतो?' हाही विचारा. आणि पालकांस एक नम्र विनंती. रात्रीं जेवतांना आपण धंद्याच्या गोष्टी बोलतों, त्या मुलें कान देऊन ऐकत असतात. कर कसा चुकविला किंवा नोकराची मजुरी कशी कापली, ही हकीकत आपण हुशारी म्हणून सांगितली, तर आमचा वर्गांतील धडा सकाळपर्यंतही टिकणार नाहीं.