अष्टमीची आगोट

रोहें आणि अष्टमी हीं कुंडलिका नदीच्या दोन काठांवरचीं जुळीं गांवें. नगरपालिका दोहोंची एकच; तरीपण अष्टमीकराला कोणी रोहेकर म्हटलें तर ती चूक दुरुस्त केल्यावांचून तो राहात नाहीं. माझ्या थोरल्या बहिणीचें सासर अष्टमीस असल्यामुळें गेलीं चाळीस वर्षें उन्हाळ्यांत एकदां तरी माझें तिकडे जाणें होतें, आणि दर खेपेस प्रथम दर्शन घडतें तें अक्काचें नव्हे, तर अंगणांत पसरलेल्या वाळवणाचें.

मृगाचा पाऊस लागण्यापूर्वीं पावसाळ्याची जी बेगमी करून ठेवावयाची, तिला कोंकणांत आगोट भरणें म्हणतात. देशावरील वाचकांस हा शब्द कदाचित् अपरिचित असेल. एकदां पाऊस लागला कीं ऊन दुर्मिळ. पूर्वींच्या काळीं तर खाडींत येणारीं गलबतेंहि बंद पडत. म्हणून तांदूळ कणगींत, डाळी एरंडेलाचा हात लावून डब्यांत, चिंच मीठ घालून गोळे करून, सरपण पडवींत, अशी सारी मांडामांड मे महिना सरण्यापूर्वीं होत असे. अक्काच्या घरीं ती अजून होते. रातांब्यांच्या साली त्यांच्याच मीठ घातलेल्या रसांत भिजवावयाच्या, उन्हांत घालावयाच्या, पुनः त्याच रसांत बुडवावयाच्या. असें पांच-सहा वेळां झालें म्हणजे आमसूल काळेंभोर होतें. कैरीच्या फोडी कडकडीत वाळविल्या कीं झाली आंबोशी. फणसाचे कच्चे गरे मिठाच्या पाण्यांत, आठळ्या मातींत लोळवून कोरड्या कोपऱ्यांत. पोह्याचे पापड आणि मिरगुंडें मात्र पेणचीं. त्या बाबतींत अक्काहि पेणेपुढें हार मानते.

ह्या सर्वांच्या मुळाशीं तत्त्व एकच आहे. जेथें ओल तेथें कूज. मीठ फोडींतलें पाणी ओढून घेतें, ऊन उरलेलें नेतें, आणि लोणच्यावर तेल उभें राहिलें म्हणजे आंत हवा शिरत नाहीं. म्हणूनच कैऱ्या पुसून कोरड्या केल्याखेरीज चिरूं नयेत, बरणी उन्हांत तापवून घ्यावी, आणि ओला हात आंत जाऊं देऊं नये. ह्या तिसऱ्या नियमापायीं त्या घरांतल्या प्रत्येक मुलानें एकदां तरी धपाटा खाल्लेला आहे.

मला हें सारें पाहून पूर्वीं थट्टा सुचे. मनुस्मृतींत गृहस्थ ब्राह्मणाचे चार प्रकार सांगितले आहेत: कोठारभर धान्य ठेवणारा कुसूलधान्यक, मडकेंभर ठेवणारा कुंभीधान्यक, तीन दिवसांपुरतें ठेवणारा, आणि उद्यांपुरतेंहि न ठेवणारा अश्वस्तनिक. यांत पुढचा पुढचा श्रेष्ठ. एका वर्षीं कणगी सारवीत बसलेल्या अक्काला मीं हें ऐकविलें. ती मान वर न करतां म्हणाली, "अरे, त्या उद्यांचें न पाहणाऱ्याला परवां जेवूं कोण घालीत होतें, तें लिहिलें आहे का तुझ्या पोथींत?" जन्मभर मुलांना निरुत्तर करीत आलेला मी त्या दिवशीं स्वतः निरुत्तर झालों. पुढें कौटिल्याचें अर्थशास्त्र चाळतांना कोष्ठागाराच्या प्रकरणांत अक्काचाच पक्ष सांपडला. साठ्याचा अर्धा भाग लोकांवरील आपत्तीसाठीं राखावा, अर्धा वापरावा, आणि नवें येईल तसें जुनें काढीत जावें, असें तेथें सांगितलें आहे.

परंतु साठा असणें निराळें आणि तो ऐन वेळीं हातीं लागणें निराळें. २४ जुलै १९८९ रोजीं शेजारच्या सुधागड तालुक्यांत अंबा नदीनें जांभूळपाडा गांव उद्ध्वस्त केलें, अनेकांचे प्राण घेतले. कुंडलिका ही देखील नदीच आहे, असें म्हणून अक्कानें त्या वर्षापासून आगोट माळ्यावर चढविली. तीस वर्षें ती तेथें सुखरूप राहिली. मग २०२० सालीं करोनाची टाळेबंदी झाली. ठाण्यापुण्याचे मुलगे, सुना, नातवंडें घरीं येऊन राहिलेलीं; मीहि चार दिवसांसाठीं गेलों तो अडकलों. पंक्तीला तेरा पानें. ३ जून रोजीं, मृग चार दिवसांवर असतां, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर उतरलें. दुपारीं आमच्या डोक्यावरचीं कौलें पत्त्यांसारखीं उडालीं आणि माळा उघडा पडला. कणगींतला तांदूळ भिजून आंबला, पापडांना बुरशी आली, आंबोशीचा लगदा झाला. अक्काला मीं त्या दिवशीं प्रथमच रडतांना पाहिलें.

वांचल्या त्या चिनी मातीच्या बरण्या. आणि त्याहि दूरदृष्टीमुळें नव्हे, तर जड म्हणून कोणी वर चढविल्याच नव्हत्या. माजघरांत चालू वापराचें तांदुळाचें पिंप व वालाचा डबा होता. वीज अकरा दिवस आली नाहीं. ह्याच नदीच्या वरच्या अंगास भिरा येथें १९२७ पासून मुळशीच्या पाण्यावर वीज तयार होऊन मुंबईस जाते, आणि आम्ही काठावर काळोखांत! फ्रीजमधलें सारें दुसऱ्याच दिवशीं टाकलें. विहिरीवरचा पंप मुका झाला, तेव्हां अडगळींतून दोर आणि पोहरा काढला. सकाळीं पेज व मेतकूट, दुपारीं भात, आमसुलाचें सार आणि लोणचें. शेजारच्या घराचें छप्पर पार गेलें होतें. तेथील पांच माणसेंहि चार दिवस आमच्याच पंक्तीस होतीं. त्यामुळें भात आळीपाळीनें पातळ होत गेला, पण पान कोणाचेंच रिकामें राहिलें नाहीं.

तेव्हांपासून आगोट अर्धी माळ्यावर, अर्धी माजघरांत असते, आणि रहाटाला दरसाल तेल मिळतें.

यंदा गेलों तेव्हां पंच्याहत्तरी ओलांडलेल्या अक्काचे हात कांपत होते. धाकटी सून प्रमाण विचारी आणि उत्तर येई, "अंदाजानें घाल." सून हुशार, तिनें स्वयंपाकघरांतला काटा आणला आणि अक्काची प्रत्येक मूठ फोडींवर पडण्यापूर्वीं त्यावर धरली. किलोभर फोडींना मीठ पावणेदोनशे ग्रॅम भरलें. मीं तें वहींत टिपून घेतलें. अक्काला हा सारा प्रकार मुळींच रुचला नाहीं. कैरी रसाळ असली तर मीठ जास्त लागतें, तें तुमचा काटा सांगेल काय, असें तिचें म्हणणें. तेंहि मीं टिपून घेतलें.

निघतांना तिनें लोणच्याची लहान बरणी दादरा बांधून माझ्या पिशवींत ठेविली आणि बजावलें, "बरणी परत आण हो. आतां तसल्या मिळत नाहींत."