शांत साप म्हणजे पाळीव साप नव्हे

रोवणी सुरू झाली की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत घरोघरी साप निघतात आणि मोबाईलवर स्टेटस. गळ्यात धामण, हातात नाग, बरणीत मण्यार. "चार दिवसांपासून माझ्याकडे आहे, काही करत नाही, सवय झाली त्याला," असं पोट्टे छातीठोकपणे सांगतात.

भाऊ, तशी सवय होत नसते. हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटेंनी वाढवलेली बिबट्या-अस्वलाची पिल्लं त्यांना ओळखायची. सापाचं तसं नाही. त्याला माया लागत नाही, फार तर भीती थोडी कमी होते. परदेशात पिंजऱ्यात जन्मलेले अजगर लोक पाळतात, तेही चावतात. हाताला उंदराचा वास आला तर भक्ष्य समजून, आणि कात टाकायच्या आधी डोळे धूसर झाले तर घाबरून.

आता आपले साप बघा. धामण रागीट, लगेच चावते, पण बिनविषारी. नाग फणा काढून, घोणस कुकरच्या शिटीसारखी फुसफुसून आधी बजावते. आणि मण्यार? दिवसा हातात घेतली तरी बरेचदा वेटोळ्यात डोकं लपवून गप्प पडते. तिलाच पोरं कवड्या समजतात. रात्री तीच मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, खूण दिसत नाही, काही तासांत श्वास थांबतो. म्हणजे सर्वात गरीब दिसणारा साप सर्वात घातक असू शकतो.

अनुभवी माणूसही सुटत नाही. केरळचे प्रसिद्ध सर्पमित्र वावा सुरेश यांना जानेवारी २०२२ मध्ये नाग पोत्यात भरताना चावला, व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. ते वाचले. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून लांब, त्यात पावसात पर्लकोटेला पूर. इथं कोण वाचवणार?

२००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने अंदाजे १२ लाख माणसं गेली. त्यात बहुतेक शेतकरी, मजूर. त्यांच्यापुढे पर्याय नव्हता. रीलवाल्यांपुढे आहे.

साप पकडून घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. खरा सर्पमित्र साप लगेच जंगलात सोडतो, बरणीत मिरवत नाही. साप निघाला तर लांब उभे राहून नजर ठेवा आणि वनविभागाला १९२६ वर फोन लावा. चावलाच तर मांत्रिकाकडे नको, १०८ ला फोन करून थेट दवाखान्यात.

आणि असं स्टेटस दिसलं तर लाईक देऊ नका बाप्पा. त्या लाईकपायीच तो पोरगा उद्या पुन्हा हात घालतो.